चिपी ते गोंदिया विमानाने किती अंतर, किती वेळ? आईला न्यायचंय, माहिती हवी

धायरीकर_७१:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात धायरीला राहतो, मूळ गाव परुळे, म्हणजे सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळापासून दहा मिनिटांवर. आई तिकडेच असते, वय 78, दोन्ही गुडघे गेलेत पण मनाने एकदम खंबीर आहे. धाकटी बहीण गोंदियाला दिलेली आहे आणि तिच्या मुलीचं लग्न ठरलंय डिसेंबरमध्ये, म्हणजे आईच्या नातीचं पहिलं लग्न, त्यामुळे आईला जायचंच आहे, त्यावर चर्चा नाही.

मागच्या आठवड्यात फोनवर आई म्हणाली, "आमच्या दारार विमान उतारता, थय गोंदियाकय विमानतळ आसा, मगे माका एकाच विमानातसून जावक कित्याक गावणा नाय?" खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. मग रात्री बसून नेटवर शोधलं तर एका साइटवर लिहिलंय की सिंधुदुर्ग ते गोंदिया 940 किमी आणि विमानाने 1 तास 40 मिनिटं. म्हटलं अरे वा, पण बुक करायला गेलो तर अशी फ्लाइटच दिसत नाही कुठे. मग ती साइट हे आकडे आणते कुठून? आणि खरंच एवढ्या वेळात जाता येतं का, की काहीतरी गडबड आहे? आईला मी तसं सांगून बसलोय आणि आता ती गावात सगळ्यांना सांगतेय की पावणेदोन तासात लेकीकडे पोचणार म्हणून. कृपया ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर सांगा, घाई नाही, दोन महिने आहेत हातात.

नकाशावाला:
दादा, मी सर्वेक्षणाच्या कामात आहे, नकाशे हाच रोजचा उद्योग, म्हणून हे अंतर मी तुम्हाला हाताने काढून दाखवतो, म्हणजे परत कुठल्या साइटवर अवलंबून राहायला नको.

चिपी साधारण 16 अंश उत्तर अक्षांश आणि 73.5 पूर्व रेखांशावर आहे. गोंदियाचा बिरसी विमानतळ 21.5 उत्तर आणि 80.3 पूर्व. म्हणजे उत्तरेकडे फरक 5.5 अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास 111 किमी, झाले 610. पूर्वेकडे फरक 6.8 अंश, पण रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा नसतो, विषुववृत्तावर 111 आणि उत्तरेला जाऊ तसा आक्रसत जातो, आपल्या महाराष्ट्राच्या मधोमध तो 105 च्या आसपास धरायचा, झाले 714. आता शाळेतलं पायथागोरस, 610 चा वर्ग अधिक 714 चा वर्ग, वर्गमूळ काढा, 939 येतं. तुमच्या साइटचे 940 बरोबर आहेत, त्यात खोट नाही.

पण हे नकाशावर दोरी ताणून मोजल्यासारखं अंतर आहे. साइटला दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश माहिती असतात, बाकी काही नाही. तिथे विमान जातं का, कधी गेलं होतं का, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आणि वेळ कशी काढतात तर 940 भागिले ताशी 800 किमी म्हणजे 1 तास 10 मिनिटं, त्यात चढाय-उतरायची अर्धा तास मिळवायची, झाले 1 तास 40. अशीच तुम्ही परुळे ते चंद्रपूर टाका, तिथेही छान उत्तर येईल.

(विमानवाले सागरी मैलात मोजतात, एक सागरी मैल म्हणजे 1.852 किमी, त्या हिशोबाने हे 508 सागरी मैल होतात. कुठे 508 दिसलं तर गोंधळू नका, अंतर तेच आहे.)

लोहगाव_निवृत्त:
नकाशावाले साहेबांनी अंतर चोख सांगितलं. वेळेचं मी सांगतो, तीस वर्षं विमानतळावर ग्राउंडचं काम केलंय.

पहिली गोष्ट, ताशी 800 हा वेग जेट विमानाचा, एअरबस 320 वगैरे. छोट्या गावांच्या मार्गांवर बहुतेक वेळा एटीआर 72 असतं, पंख्याचं विमान, सत्तरेक सीट. ते ताशी 500 च्या आसपास जातं. म्हणजे 940 किमीला नुसतं हवेतच पावणेदोन-दोन तास, आणि तिकिटावर जी वेळ छापतात ती हवेतली नसतेच मुळी. चाकाखालचे चॉक्स काढून विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे चॉक्स लागेपर्यंतची असते ती, आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. त्यात टॅक्सी आली, रनवेसाठी थांबणं आलं, चढताना उतरताना वेग कमी असतो ते आलं, शिवाय कंपन्या थोडा सैल वेळ धरतात. म्हणजे एटीआरने सव्वादोन तासांच्या पुढेच. जमिनीवरचा वेळ केवढा खातो याचं एक उदाहरण देतो, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी 2.7 किमीची नियमित फ्लाइट आहे, जगातली सगळ्यात छोटी. वेळापत्रकात दोन मिनिटं दिलीत, वारा मागून असला तर एकदा 53 सेकंदात झालेली आहे. पण त्यासाठी प्रवाशाला आधी येऊन बसावं लागतंच, सामान वजन करावं लागतंच.

दुसरं, थेट फ्लाइट का नाही. हे आईंना नीट समजावून सांगा कारण त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. छोटे विमानतळ जोडायची उडान योजना, तिची पहिली उड्डाणं 27 एप्रिल 2017 ला झाली, दिल्ली-सिमला आणि त्याच दिवशी आपलं नांदेड-हैदराबाद. त्यात निम्म्या सीटना भाड्याची मर्यादा आणि कंपनीला जो तोटा होईल त्यासाठी सरकारकडून तीन वर्षं पैसे, असा हिशोब होता. पण तरी सत्तर सीट भरायला लागतातच. परुळ्याहून गोंदियाला रोज किती माणसं जाणार? तुमच्या आई, आणि आणखी एखादं कुटुंब. म्हणून कंपन्या छोटं गाव मोठ्या गावाला जोडतात, चिपी-पुणे, चिपी-हैदराबाद असं, आणि पुढचं ज्याने त्याने बघायचं. तीन वर्षांची मदत संपली की बरेचसे मार्ग बंदही पडतात, मी डोळ्यांनी बघितलेत, म्हणून कुठलीही छोट्या गावची फ्लाइट आज आहे म्हणून दोन महिन्यांनी असेलच असं धरू नका, बुक करायच्या दिवशी पुन्हा तपासा.

तिसरं म्हणजे छोट्या विमानतळांवर सगळीकडे आयएलएस नसतं, म्हणजे ढगातून यंत्राच्या आधाराने खाली आणणारी सोय. ती किंवा तशी दुसरी सोय नसली की पायलटला डोळ्यांनी दिसायला लागतं, पाच किलोमीटरपर्यंत स्वच्छ. कोकणात सड्यावर जून-जुलैत ढग खाली टेकलेले असतात तेव्हा अवघड होतं. तुमचं लग्न डिसेंबरात आहे ही चांगली गोष्ट आहे, फक्त विदर्भात सकाळचं धुकं असू शकतं.

बिरसीचा_पोरगा:
दादा मी गोंदियाचा, सध्या वाकडला राहून राहिलो. आमचा बिरसी एअरपोर्ट इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला होता, 1940 चा, म्हणजे धावपट्टी आमच्या आजोबांच्या वेळची अन् प्रवासी विमान आलं 2022 च्या मार्चमध्ये, इंदूर-गोंदिया-हैदराबाद. मधल्या काळात तिथं पायलट बनवायची मोठी इन्स्टिट्यूट आली, त्यामुळे लहानपणी आम्ही दिवसभर छोटी विमानं गोल गोल फिरताना पाहत होतो, पण बसायला मात्र नागपूरला जा लागत होतं. तुमच्या आईला जे वाटून राहिलं ना, दारात विमान अन् आपल्याला नाही, ते आमच्या गावात सगळ्यांना वाटत होतं.

आता प्रॅक्टिकल सांगतो. माझे बाबा 74 चे आहेत, त्यांना मी दरवर्षी पुण्याला आणतो नेतो, सगळे प्रकार करून झाले.

महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, कोल्हापूर-गोंदिया, पुण्यावरून जाते. महाराष्ट्रातच सुरू होऊन महाराष्ट्रातच संपते अन् तरी साडेतेराशे किमीच्या जवळपास धावते, मिरज सातारा पुणे दौंड मनमाड भुसावळ अकोला वर्धा नागपूर असं पूर्ण राज्य फिरून. अठ्ठावीस तास लागतात कोल्हापूरपासून. तुमच्या गावावरून आधी घाट चढून कोल्हापूरला या, तीन-साडेतीन तास, मग हे. गुडघ्याच्या माणसाला नको दादा. खालची बर्थ मिळाली तरी रात्री चार वेळा टॉयलेटला चालत्या गाडीत उठणं, माझे बाबा एकदा भुसावळच्या पुढे तोल जाऊन दाराच्या कडीवर आपटले, कपाळावर तीन टाके, तेव्हापासून मी ती गाडी त्यांच्यासाठी बंद केली.

पुणे-नागपूर वंदे भारत ऑगस्ट 2025 पासून सुरू झाली, 881 किमी, बारा तास. छान गाडी आहे, पण बारा तास बसूनच जा लागतं, झोपायला नाही. ज्याचे गुडघे आखडतात त्याला ते बारा तास लय जड जातात.

म्हणून मी आता बाबांना पुणे-नागपूर विमानानं आणतो, सव्वा-दीड तास, अन् नागपूरवरून गोंदियाला रेल्वे, 131 किमी, हावड्याकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या आहेत, दोन तासाच्या आतबाहेर. भंडारा रोड, तुमसर रोड अन् मग आपलं गोंदिया. नागपूर विमानतळावरून स्टेशन वीस-पंचवीस मिनिटं. फक्त विमान अन् गाडी यात कमीत कमी तीन तास ठेवा, घाई करू नका.

नकाशावाला:
बिरसीच्या भावाने जो रस्ता सांगितला त्याचं अंतर मी काढून बघितलं, राहवलं नाही. चिपी-पुणे सरळ रेषेत 290 किमी, पुणे-नागपूर 605, आणि नागपूर-गोंदिया रेल्वेने 131. बेरीज 1026. थेट दोरी 940 ची होती. म्हणजे पुणे आणि नागपूर करत गेलात तरी फक्त 85-90 किमी जास्त पडतात! मला वाटलं होतं दीडपट होईल. पुणे तुम्हाला आडवाटेला नाहीच आहे म्हणायचं.

हैदराबादकडूनही बघितलं, चिपी-हैदराबाद 540 आणि हैदराबाद-गोंदिया 515, एकूण 1055. तेही फार लांब नाही. दोन्ही फ्लाइट चालू असतील त्या दिवशी तर तो एक पर्याय होऊ शकतो.

लोहगाव_निवृत्त:
हैदराबादचा पर्याय कागदावर चांगला दिसतो पण या वयात मी सुचवणार नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं असली की पहिली फ्लाइट उशिरा आली तर दुसरीवाला थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही, त्याच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. सामानही मध्ये बेल्टवरून घेऊन पुन्हा टाकावं लागतं. तिथे तुमचं कोणी नाही, हॉटेल शोधा, रिक्षा शोधा. पुण्यात तुमचं स्वतःचं घर आहे, आई रात्री आपल्या लेकाकडे झोपेल, हा केवढा फरक आहे बघा.

आता व्हीलचेअरचं नीट वाचा, बरेच जण इथेच चुकतात. तिकीट काढतानाच सांगायचं आणि नुसतं "व्हीलचेअर पाहिजे" म्हणायचं नाही. तीन प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस जिना चढू शकतो पण लांब चालू शकत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढू शकत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं. तुमच्या आईंना दुसरा सांगा. पहिला टाकला तर खुर्ची विमानाच्या शिडीपाशी आणून सोडतात आणि मग ती माऊली शिडीखाली उभी राहते, हे मी शंभर वेळा बघितलंय आणि दर वेळी जीव तुटला.

आणि एटीआर असेल तर सीट मागची घ्या. लोक हौसेने पहिली रांग मागतात, पण एटीआरमध्ये प्रवाशांचं दार शेपटीकडे असतं, पुढच्या बाजूला सामान असतं. पुढची सीट घेतली तर पूर्ण विमानभर अरुंद बोळातून चालायचं. मागच्या दोन-तीन रांगांत दार जवळ, टॉयलेट जवळ. पंख वरच्या बाजूला असतो त्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं, आईंना खिडकी द्या.

कुडाळची_माहेरवाशीण:
दादा मी कुडाळची, आता कर्वेनगरला आसंय. चिपी-पुणे विमान 2024 मध्ये सुरू झालं तेव्हापासून माझ्या सासूबाईंना दोनदा घेऊन आले. रोज नसतं ते, आठवड्यातले ठराविक दिवस, म्हणून लग्नाच्या आधी निदान चार दिवस मोकळे ठेवा, एखादा दिवस रद्द झालं तर कोकण रेल्वेने किंवा रात्रीच्या गाडीने पुण्यापर्यंत आणायला वेळ राहतो.

सगळ्यांनी वेळेचं सांगितलंय, मी सामानाचं सांगते कारण आपल्या बायका लग्नाला रिकाम्या हाताने जात नाहीत. सुकं खोबरं अजिबात देऊ नका विमानात. माझ्या सासूबाईंनी नातवंडांसाठी चार किलो खोबऱ्याच्या वाट्या घरच्या, स्वतः फोडून उन्हात वाळवलेल्या, चादरीत बांधून बॅगेत तळाशी घातल्या होत्या आणि मला सांगितलंच नव्हतं. काउंटरवर मशीनमध्ये दिसल्या, बॅग उघडायला लावली, सगळ्यांसमोर साड्या बाहेर काढल्या आणि वाट्या तिथेच ठेवून जावं लागलं. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरतात असं त्यांनी नंतर सांगितलं. नियम बरोबर असेल, पण सासूबाई पुण्यापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. त्या वाट्यांसाठी महिनाभर कावळे हाकलत बसल्या होत्या त्या खळ्यात.

कोकमाचं आगळ चेक-इनच्या बॅगेत, बाटलीचं बूच मेणबत्तीने सील करून वर दोन प्लास्टिक पिशव्या. काजू, खाजा, कडक बुंदीचे लाडू बिनधास्त हातात. खोबरं न्यायचंच असेल तर आधी कुरियरने नाहीतर रेल्वेने जाणाऱ्या कोणाबरोबर पाठवा.

आणि आईंच्या कानात कापूस घाला, पंख्याचा आवाज असतो. उतरताना लिमलेटची गोळी चघळायला द्या.

धायरीकर_७१:
काय बोलू, एवढी माहिती मला चार दिवस शोधून मिळाली नव्हती. ठरवलं, चिपी-पुणे, दोन रात्री माझ्याकडे, मग पुणे-नागपूर आणि पुढे रेल्वे. डब्ल्यूसीएचएस दोन्ही तिकिटांवर टाकून घेतलं. आईला पण सगळं फोनवर समजावलं, 940 किमीची दोरी आणि सत्तर सीटचं गणित. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे वाट आसा, पण माणसां नाय." आणि खोबऱ्याबद्दल विचारलं तर खरंच तीन किलो बांधून ठेवलं होतं! ते आता गावातला एक मुलगा पुण्याला येतोय त्याच्याबरोबर बसने येतंय.

धायरीकर_७१:
लग्न होऊन आठवडा झाला, कबूल केल्याप्रमाणे लिहितो, कोणाला पुढे उपयोग होईल.

मी आईला आणायला स्वतः गावी गेलो होतो. घरातून निघालो ते विमानतळात शिरेपर्यंत बारा मिनिटं. विमान पाऊण तास उशिरा आलं, तेवढा वेळ आई खुर्चीत बसून तिथल्या मुलींना कुठल्या गावच्या, कोणाच्या असं विचारत होती, त्यातली एक भोगव्याची निघाली आणि तिची आजी आईच्या ओळखीची. सीट मागून दुसऱ्या रांगेत, खिडकी. शिडीवरून दोघांनी खुर्चीसकट उचलून वर घेतलं. उडाल्यावर एका बाजूला निवतीचा समुद्र दिसला आणि आई काच धरून म्हणाली आपलं घर खय, मी दाखवायला वाकलो तोवर सडा मागे गेला होता. हवेत पन्नास मिनिटं, चॉक्स ते चॉक्स 1 तास 5.

पुण्यात दोन रात्री. नागपूरची फ्लाइट सकाळची, जेट होतं, 1 तास 20. नागपूरला साडेतीन तास ठेवले होते ते बरं झालं कारण गाडी बदलून दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर आली, लिफ्टसाठी थांबावं लागलं. गोंदियापर्यंत 1 तास 55.

म्हणजे विमानात आणि रेल्वेत मिळून आई 4 तास 20 मिनिटं बसली. मुक्काम सोडून दारापासून दारापर्यंत मोजलं तर जवळपास पंधरा तास झाले. साइटवरचे 1 तास 40 कुठे आणि हे कुठे, पण गुडघे सुजले नाहीत, लग्नात अक्षता टाकायला ती उभी राहिली.

परतीला ती अजून महिनाभर बहिणीकडेच आहे. बिरसीच्या भावाला विचारायचं होतं, जानेवारीत सकाळच्या धुक्यामुळे गोंदिया-नागपूर गाड्या किती लेट होतात? दुपारच्या विमानाचं तिकीट काढू की संध्याकाळच्या?

बिरसीचा_पोरगा:
संध्याकाळचं काढा दादा. हावड्याकडून येणाऱ्या गाड्या थंडीत दोन-तीन तास सहज लेट येतात. सकाळी गोंदियावरूनच सुटणारी गाडी पहा नागपूरसाठी, ती मागून येत नाही ना, म्हणून वेळेवर निघते. अन् माझे आईबाबा तिथंच आहेत, स्टेशनवर काही लागलं तर मला इथं मेसेज टाका, बाबा येऊन जातील.